‘आवाज’च्या मागच्या खोल्या

खिदिरपूर, ३ ऑगस्ट

देवयानीताई,

सगळं बदललं ते काल दुपारी, कॉम्प्युटरने विचारलेला प्रश्न पुरता न वाचता मी ‘वाय’ दाबला तेव्हा. त्याआधी मी ऋताच्या घरचा कामाचा माणूस होतो. आता काय आहे, ते तिला अजून माहीत नाही.

फोन करत नाहीये, कारण फोनवर तू आधी कॉलेजचं काढशील. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष सोडून एका मुलीमागे कोलकात्याला कोण जातं, हे तुझं वाक्य मला पाठ आहे. जातो. मी जातो. तिच्या बाबांची रेल्वेत इकडे बदली झाली, ती गेली, आणि मला पुण्यात एक लेक्चर बसवेना. आता खिदिरपूरला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघतो, मेसमध्ये राहतो, काटे काढून मासा खायला शिकलो. बास. कामाचं लिहितो.

ऋता इथल्या मराठी घरांमध्ये जाऊन लोकांचं बोलणं रेकॉर्ड करते. एम.ए.चा प्रबंध आहे, दोन-तीन पिढ्या बंगालात काढलेली माणसं घरात मराठी कशी बोलतात त्यावर. तिचं मशीन मीच जुळवलं, लिनक्स टाकलं आणि डिस्कचे दोन लॉजिकल व्हॉल्यूम केले. एक ‘रूट’, त्यात सगळी सिस्टिम. दुसरा मोठा, त्याला नाव दिलं ‘आवाज’. सगळी रेकॉर्डिंग्ज आवाजमध्ये. रूट मी फार लहान ठेवला होता, तो गेल्या आठवड्यात भरला आणि मशीन रांगायला लागलं.

हे तिने मला सांगायचं ना? तिने अजेयला सांगितलं. अजेय म्हणजे डमडमचा एक, सेक्टर फाइव्हला कुठल्याशा आयटी कंपनीत आहे. इथेच जन्मलेला, मराठी अशी की ‘फोन करतो’ऐवजी ‘मी तुला फोन देतो’ म्हणतो. हल्ली सारखा त्यांच्या क्वार्टरवर असतो. तिच्या टेबलाशी हेडफोन लावून बसतो आणि ती शेजारी उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघते. तोंडाकडे, ताई! तर हा माझ्यासमोर म्हणाला, “रहू दे ना, रविवारी मी करून देईन.” मी जुळवलेलं मशीन.

म्हणून मी शनिवारीच गेलो. आवाजमधली थोडी जागा कमी करून रूटला द्यायची, एवढंच काम. आवाज कमी करायची कमांड दिली. त्याने विचारलं, यात डेटा नष्ट होऊ शकतो, खरंच करायचं का? ते काय, नेहमीच विचारतं. तेवढ्यात ऋता आतून म्हणाली, “मग अजेयला येऊ नको म्हणून कळवू का?” मी म्हटलं “कळव,” आणि वाय दाबला.

तेव्हापासून आवाज उघडत नाही. फाइलसिस्टिम डिव्हाइसपेक्षा मोठी आहे म्हणतं. मी रूटला अजून काही दिलेलं नाही, घाबरून तिथेच थांबलो. ऋताला म्हटलं, जरा गुंतागुंतीचं आहे, बघतो. ती म्हणाली, “बरं.”

तू बँकेचे सर्व्हर सांभाळतेस, तुला हे रोजचं असेल. लवकर लिही. दुसरी प्रत कुठेही नाही. रेकॉर्डरची कार्डं पुसून पुन्हा वापरत जा, आवाज आहे ना, असं तिला मीच सांगितलं होतं. आईला यातलं काही कळवू नकोस.

सुश्रुत

*

पुणे, ३ ऑगस्ट, संध्याकाळी

सुश्रुत,

कॉलेजचं काढत नाही. आधी खुर्चीतून ऊठ, पाणी पी. काहीही गेलेलं नाही. अजून.

तू काय केलंस ते समजून घे, म्हणजे पुढचं नीट करशील. डिस्क म्हणजे जमीन. लॉजिकल व्हॉल्यूम म्हणजे तिच्यावर घातलेलं कुंपण. फाइलसिस्टिम म्हणजे त्या कुंपणाच्या आत बांधलेलं घर. वाढवायचं असेल तर आधी कुंपण बाहेर सरकवायचं, मग घर वाढवायचं. कमी करायचं असेल तर आधी घर आवरून लहान करायचं, मगच कुंपण आत घ्यायचं. आणि तू काय केलंस शहाण्या? घर होतं तेवढंच ठेवलंस आणि कुंपण आत ओढलंस. ते मागच्या खोल्यांमधून गेलं. आता घर म्हणतंय, मला एवढ्या खोल्या आहेत, आणि जमीन म्हणतेय, कुठे आहेत? म्हणून दार उघडत नाही.

पण त्या खोल्या पडलेल्या नाहीत. कुंपणाबाहेर जशाच्या तशा उभ्या आहेत, सामानासकट. हे व्हॉल्यूम सांभाळणारी यंत्रणा, एलव्हीएम, दर बदलाच्या आधी जुन्या कुंपणाचा नकाशा स्वतःजवळ ठेवून देते. तो परत लागू करायचा, की कुंपण जुन्या जागी. मग आवाज फक्त वाचण्यापुरता उघड आणि सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घे. कमांड क्रमाने सोबतच्या फाइलमध्ये लिहिल्यात. चहा निवायच्या आत होईल.

दोन गोष्टी करायच्या नाहीत. एक, दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवायचा नाही. तो अर्धं घर बघेल आणि उरलेलं मोडीत काढेल. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची, ती सुटलेली जागा कुणालाही द्यायची नाही. रूट भरलाय तर भरलेला राहू दे. तिथे दुसरं कुणी राहायला आलं की त्या खोल्या संपल्या, मग मीच काय, कुणी काही करू शकत नाही.

‘कामाचा माणूस’ हे तू अभिमानाने लिहिलंस की रडत, ते कळलं नाही. मीही बँकेत कामाची माणूस आहे. सर्व्हर चालू असला की माझं नाव कुणाला आठवत नाही. त्याला प्रेम म्हणत नाहीत एवढं मला माहीत आहे.

तुझ्या आईला, अलकाआत्याला, आपणहून सांगणार नाही. तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही.

झालं की एक ओळ टाक.

देवयानी

*

खिदिरपूर, ९ ऑगस्ट

ताई,

एक ओळ टाकली नाही, कारण झालं नाही. तुझ्या कमांड लागू पडत नाहीयेत. काहीतरी एरर येतो, त्या मशीनवरची लिनक्स जुनी आहे त्यामुळे असेल. मी बघतोय. रोज बघतोय. ऑफिस सुटलं की तडक ऋताकडे, गार्डन रीचची बस पकडतो.

ताई, या आठवड्यात काय झालंय तुला सांगू? ऋता माझ्याजवळ बसते. आधी मी गेलो की ती पुस्तकं घेऊन आत जायची, तिच्या आई मीनाकाकू चहा आणून द्यायच्या, बाबा श्यामकांतकाका पेपरमधून मान वर करून “काय म्हणतंय तुमचं खिदिरपूर?” एवढं विचारायचे. आता ती स्वतः खुर्ची ओढून बसते. मी पडद्यावर काहीबाही ओळी चालवतो, आणि ती आत काय काय आहे ते सांगते. म्हणजे मला धीर यावा म्हणून! काल म्हणाली, “तू इतका गप्प होतोस ना, मला वाटतं माझ्यापेक्षा तुलाच जास्त लागलंय.”

तिने कालिंदीआजींचं सांगितलं. डमडमला राहतात, लग्न होऊन इथे आल्या त्या कायमच्या. हिवाळाभर ऋता दर रविवारी त्यांच्याकडे जायची. आल्यागेल्याला त्या म्हणायच्या “आधी पाणी खा.” बंगालीत पाणी खातात ना, तेच त्यांच्या मराठीत आलेलं. त्यांच्या नवऱ्याला हे शेवटपर्यंत खटकायचं आणि त्या मुद्दाम म्हणायच्या. ऋता त्यांची नक्कल करते तेव्हा तिचा खालचा ओठ जरा बाहेर येतो. जूनमध्ये आजींना पक्षाघाताचा झटका आला. आता त्यांचं बोलणं गेलंय. म्हणजे ते सगळं त्या आवाजमध्येच आहे फक्त.

घाबरू नकोस, मी काढणार आहे ते. मला माहीत आहे मी काढणार आहे. आणि काढीन ना, त्या दिवशी तिला सांगेनच सगळं, माझ्या मनातलं.

अजेय हल्ली येत नाही. ऋताच म्हणाली, “काम झाल्याशिवाय त्याला बोलवत नाही, बिचारा नुसता ताटकळतो.” बिचारा! ताटकळू दे. तिला प्रबंध लिहिता येत नव्हता, फाइल सेव्ह होत नव्हती, तेवढं मी सोडवलंय. रूट आता छान चालतोय. नवीन मुलाखती तात्पुरत्या डेस्कटॉपवर ठेवते. किती खूश झाली माहीत आहे? “निदान एवढं तरी झालं” म्हणाली आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

सुश्रुत

*

पुणे, १० ऑगस्ट

सुश्रुत,

रूट कसा सोडवलास?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बाकी कविता राहू दे. भरलेला रूट आपोआप चालायला लागत नाही. त्याला जागा कुठून दिलीस?

आणि एरर ‘काहीतरी’ नसतो. माझ्या वीस लोकांनी मला ‘काहीतरी एरर’ लिहून पाठवलं तर मी मेल न वाचता पुसते. तो जे शब्द दाखवतो तेच्या ते पाठव. सोबत व्हॉल्यूमची सगळी मापं पाठव: आवाज केवढा, रूट केवढा, मोकळं किती. माझ्या कमांड खरंच चालल्या असतील, तर आवाजचं माप जुन्याइतकं दिसेल. चालल्याच नसतील तर लहान दिसेल. मोकळ्या जागेपुढे शून्य असेल, तर मला कळेल तू काय केलंस ते.

माझं उत्तर यायच्या आधी त्या मशीनवर एक अक्षर लिहायचं नाही. तू नाही, तिनेही नाही.

देवयानी

*

गार्डन रीच, १४ ऑगस्ट

प्रिय सुश्रुत,

सोमवारपासून आला नाहीस, फोनही घेत नाहीस. मेसवर बाबांनी शिपायाला पाठवलं होतं, तो म्हणाला तू ठणठणीत आहेस, नुसता झोपून आहेस. म्हणून मेल करतेय. चिडलायस का? माझ्याकडून काही बोललं गेलं असेल तर सांग. मी सारखी “कधी होईल, कधी होईल” करत असते, ते थांबवते.

पण आज विचारावंच लागतंय. कालिंदीआजींच्या थेरपिस्ट परवा म्हणाल्या की त्यांच्या स्वतःच्या जुन्या बोलण्यातलं काही असेल तर रोज ऐकवून बघा, कदाचित एखादा शब्द सुटेल. तेव्हापासून अजेय मला सारखं विचारतोय. मी तुझी ओळख करून देताना सांगितलं होतं ना, तो त्यांचा नातू? आई-बाप दोघं नोकरीला, त्याला आजीनेच वाढवलं. म्हणून तर तो आमच्याकडे येऊन हेडफोन लावून बसायचा. ऐकताना त्याचं तोंड इतकं लहान मुलासारखं व्हायचं की मला काही सुचायचं नाही, नुसती बघत राहायचे. तुझं काम चालू असताना मध्ये लुडबुड नको म्हणून मी त्याला थांबवून ठेवलंय, पण आता मला त्याला तोंड दाखवायची लाज वाटते.

सगळं नको, सुश्रुत. एकच फाइल मिळाली तरी चालेल. त्यांनी पुरणपोळी करायला गेल्या आणि काय झालं ते सांगितलंय, शेवटी स्वतःच हसत सुटतात, ती.

नवीन मुलाखती मी डेस्कटॉपवरच टाकतेय, तू म्हणालास तसं. कालच्या रविवारी दोन घरं झाली.

एक सांगू? माझ्या कामासाठी कुणी रोज इतका वेळ बसतं, याचं मला ओझं वाटतं आणि बरंही वाटतं. बाबांच्या बदल्यांमध्ये माझी मैत्री कधी टिकलीच नाही. ये लवकर.

ऋता

*

खिदिरपूर, १५ ऑगस्ट

ताई,

एरर नव्हता. मी तुझ्या कमांड चालवल्याच नाहीत.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो होतो चालवायला. खरंच सांगतो. फाइल उघडून बसलो होतो. ऋता खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “मला समजेल असं सांग ना, काय झालंय?” मी तिला तुझं कुंपण आणि घर सांगितलं, माझं म्हणून. ती इतकी लक्ष देऊन ऐकत होती. मला वाटलं, आज केलं तर आजच संपेल. उद्या मी कशाला येणार? उद्या करू. तुझ्या पत्रात होतंच की त्या खोल्या कुठे जात नाहीत. दुसऱ्या दिवशी वाटलं, अजून एक दिवस.

मग गुरुवारी तिचं पान सेव्ह होईना. ती रडकुंडीला आली. “अजेयला विचारू का नुसतं?” म्हणाली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तू लिहिलेलं मला माहीत होतं, ताई. शब्द न् शब्द माहीत होता. ती सुटलेली जागा मी रूटला देऊन टाकली, फाइलसिस्टिमही वाढवली, या वेळेला अगदी बरोबर क्रमाने. मला वाटलं, थोडीच भरणार आहे एवढ्यात? पुढच्या आठवड्यात परत काढून घेऊ. आणि ते चाललं. तिने पाठीवर थाप मारली. मला त्या थापेसाठी काय वाट्टेल ते चाललं असतं.

तिने त्यावर नवीन मुलाखती टाकल्यात. सिस्टिमची अपडेट्स उतरलीत. मीच सांगितलं होतं, टाक म्हणून.

तुझं दहा तारखेचं पत्र आल्यापासून गेलो नाही. काल ऋताचा मेल आला. अजेय त्या आजींचा नातू आहे. तिने मला सांगितलं होतं म्हणे. मी ऐकलं नसणार, मी त्याचे बूट बघत होतो. मेसच्या भिंतीवर डोकं आपटून घेतलं, शेजारचा पोर्टमधला माणूस धावत आला, “की होलो, की होलो”, काय झालं, काय झालं, करत. त्याला काय सांगू?

मापं पाठवत नाही. आवाज लहान आहे. मोकळं शून्य आहे.

सुश्रुत

*

पुणे, १५ ऑगस्ट

आत्ता उठून गार्डन रीचला जा. मशीन बंद कर. नीट शटडाउन नको, त्यातही ते काहीतरी लिहितं. सरळ वायर ओढ. डिस्क काढ, फोममध्ये गुंडाळ आणि कुरिअरने माझ्या घरच्या पत्त्यावर पाठव. तिला काय सांगायचं ते तुझं तू बघ, पण डिस्क आजच निघाली पाहिजे.

रागावणं नंतर. आत्ता वेळ नाही.

देवयानी

*

पुणे, २५ ऑगस्ट

सुश्रुत,

डिस्क मिळाली त्या दिवशीच आधी तिची जशीच्या तशी नक्कल केली आणि सगळं काम नकलेवर केलं. ऑफिस संपल्यावर रोज त्यावरच बसले होते.

जुना नकाशा लावला, कुंपण जुन्या जागी गेलं, आवाज उघडला. पुढच्या खोल्या शाबूत आहेत. हिवाळ्याच्या आधीची जवळजवळ सगळी घरं मिळाली, ऋताचा प्रबंध त्यावर उभा राहू शकेल. नवीन मुलाखतीही वेगळ्या काढून ठेवल्यात. हे तिला नक्की सांग.

कालिंदीआजी मागच्या खोल्यांमध्ये होत्या. त्यांच्या फाइलींची नावं दिसतात, तारखा दिसतात, आकारही बरोबर दिसतो. त्यामुळे पहिल्यांदा मला वाटलं, वाचल्या. आत मात्र आजी नाहीत. कुठे अपडेटचे तुकडे, कुठे दुसऱ्याच कुणाच्या मुलाखतीतलं बोलणं. ‘पुरणपोळी’ नावाची फाइल आहे. ती चालवली तर खरखर होते आणि मध्येच एक पुरुष त्याच्या बदलीचं सांगायला लागतो. एक पुसट तुकडा सापडला, त्यात बाईचा आवाज आहे, पण तो ऋताचा आहे. ती विचारते, “मग?” पुढे काही नाही.

वेगवेगळी साधनं लावून पाहिली, बँकेतल्या माझ्या वरिष्ठांनाही दाखवलं. एका जागेवर दुसरं लिहिलं गेलं की खालचं परत येत नाही. यात उपाय राहिलेला नाही. मी तुला उगाच आशा दाखवणार नाही.

मला एक कबूल करायचं आहे. पहिल्या पत्राला मी उत्तर दिलं आणि सहा दिवस विचारलं नाही. मला वाटलं, एवढं सोपं आहे, झालंच असणार. तू घरचा नसतास, ऑफिसातला कुणी पोरगा असतास, तर मी फोन करून खात्री केली असती.

डिस्क गुरुवारी परत पाठवते. ती ऋताच्या हातात पडायच्या आधी तू तिला सांगायचंस. वाय दाबल्याचं नाही, ती चूक होती, माझ्याही हातून झाली आहे एकदा. ते मधले दिवस सांगायचे. तू सांगितलं नाहीस तर मी सांगणार नाही, तशी धमकी देत नाही. पण मग मला पुन्हा लिहू नकोस.

देवयानी

*

खिदिरपूर, ३१ ऑगस्ट

ताई,

आज दुपारी गेलो होतो. त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, मखर अजून काढलेलं नव्हतं, आत नुसता पाट. मीनाकाकू म्हणाल्या, “अरे, प्रसादाला आला नाहीस!” आणि मोदक आणायला आत गेल्या. काका झोपले होते. अजेय होता. मला बघून उठला, हात पुढे केला. मी त्याच्याशी कधी धड बोललो नव्हतो आणि तो हात पुढे करून उभा.

डिस्क नेली तेव्हा ‘ताई काढून देईल’ एवढंच सांगितलं होतं. आज बसमध्ये सगळं जुळवून ठेवलं होतं. आधी किती परत आलं ते सांगायचं, मग अडचणी, मग आजींचं. तसंच सुरू केलं. ऋता ऐकता ऐकता हसायला लागली, “सगळी घरं? खरंच? तुझ्या ताईंना मी काय देऊ?” म्हणाली. अजेय म्हणाला, “आणि आजीवाला?”

मी म्हटलं, नाही.

“एक पण नाही?”

नाही.

“छोटा? पाच सेकंदवाला तरी? फक्त हसली तेवढं?” तो असं विचारत होता, जसं मी दुकानदार आहे आणि आत जाऊन एकदा बघून येईन. मग स्वतःच म्हणाला, “ठीक आहे. तू ट्राय केला ना. मशीनचं काय सांगता येतं.” आणि ताई, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तिथे थांबलो असतो तर सगळं राहिलं असतं. घर, चहा, खुर्ची. हे मला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसलं. मी त्याचा हात झटकला. फार जोरात झटकला बहुतेक, कारण ऋता ओरडली, “सुश्रुत!” मी म्हटलं, मशीनने काही केलेलं नाही. मग सांगितलं. क्रमाने नाही, कसंही. ताईने पहिल्याच दिवशी उपाय पाठवला होता, चहा निवायच्या आत होणारा. मी तो केला नाही. मग ती जागा मी देऊन टाकली, माहीत असून.

अजेयला सगळं मराठी कळलं नसावं. तो ऋताकडे बघत राहिला. तिने त्याला बंगालीत दोन वाक्यांत सांगितलं. मला वाटलं होतं तो मला मारेल. मला ते हवं होतं, खोटं कशाला बोलू? मी उभाही तसाच राहिलो होतो, हात मोकळे सोडून. तो खाली बसला आणि त्याने टेबलावरचे हेडफोन उचलले, त्यांची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

ऋता म्हणाली, “मी इथे बसायचे तेव्हा ते सगळं होतं?”

“होतं.”

“मी आजींची नक्कल करून दाखवली, त्या दिवशी पण?”

“नाही. त्या दिवशी दिली होती जागा. पण सगळी भरली नव्हती. काही निघालं असतं.”

“आणि तू हसलास.”



“का पण?” तिने विचारलं. चिडून नाही. रस्त्यातल्या अनोळखी माणसाला पत्ता विचारावा तसं.

तुला लिहिलं होतं ना, ते काढीन त्या दिवशी तिला मनातलं सांगेन म्हणून? ते आज सांगितलं. “तू शेजारी बसायचीस म्हणून,” म्हटलं. इतक्या दिवसांत पाठ केलेलं काही आठवलं नाही, तेवढंच आलं.

तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला लिहिता येत नाही. राग असता तर लिहिला असता. तिने तिची खुर्ची हळूच मागे सरकवली. माझ्यापासून लांब, एवढीशीच. मीनाकाकू बशीत मोदक घेऊन आल्या, तिघांकडे बघून दारातच थबकल्या. “काय झालं गं?” ऋता म्हणाली, “काही नाही, आई. सुश्रुत निघालाय.” काकूंना कळेना, त्या बशी तशीच माझ्यापुढे धरून उभ्या. मी एक मोदक घेतला. का घेतला माहीत नाही. हातात धरूनच दारापर्यंत आलो.

मला वाटत होतं ती काहीतरी म्हणेल. परत येऊ नकोस म्हणेल, शिवी देईल. मागून अजेय तिला विचारत होता, आता डमडमला जाऊन माझ्या आईला काय सांगू? ती त्याला म्हणाली, “आपण दोघं जाऊ, मी सांगते.” मग माझ्या दिशेने, मान वर न करता, घरातल्या कुणालाही सांगतो तशा आवाजात म्हणाली, “जाताना दार ओढून घे. नुसतं लोटलं तर उघडं राहतं.”

मी बाहेर आलो आणि खटका बसेपर्यंत दार ओढून घेतलं.

सुश्रुत